बिनचूक वाक्य

भिसेगावात त्रिंबक मास्तरांच्या ओटीवर रेल्वेची माणसं संध्याकाळी इंग्रजी शिकायला बसत. मास्तर मनानं चांगले, पण चुकीचं वाक्य कानावर आलं की त्यांचं डोकंच उठायचं. एकेकानं मनचं वाक्य रचून म्हणायचं, बाकीच्यांनी चूक पकडायची, आणि ओटीवर मराठीचा शब्दही काढायचा नाही. काढला की त्याला वर्ग बंद! वाक्यं काहीच्या बाही असत. कुणी वाघ मारी, कुणी स्वतःचं घर जाळी. खरं त्यात काही नसे.

प्लेगच्या साली एका संध्याकाळी गाड्यांचे रूळ बदलणारा सांधेवाला येसाजी धापा टाकत आला आणि उभ्याउभ्याच इंग्रजीत काही बोलला. त्याचा अर्थ झाला, ‘माझ्या बायकोनं शिपाई पकडून छावणीत नेले.’ अख्खी ओटी खो खो हसली. मास्तरांनाही हसू आवरेना.

“कोणी कोणाला नेलं?” त्यांनी इंग्रजीत विचारलं. “जा, अंगणात उभा राहा. दुरुस्त करून ये.”

येसाजी गेला. मास्तरांचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता, आणि स्टेशनावरच्या गोऱ्या डॉक्टराशी बोलू शकणारं गावात मास्तरांखेरीज दुसरं होतं कोण? अंगणात तो ओठ हलवत राहिला. आणखी काही जणांची वाक्यं झाल्यावर परत येऊन म्हणाला, ‘माझ्या बायकोला शिपायांनी छावणीत नेलं. तिला प्लेग नाही.’

“शाब्बास!” म्हणत मास्तरांनी वर पाहिलं. येसाजीचे डोळे वाहत होते.

“अरे, खरंच नेलं चिमाला?” मास्तर मराठीतच ओरडले.

“हां मास्तर. साधा हिवताप हाय तिला. तुमी सायबाला सांगा.”

मास्तर अनवाणी स्टेशनाकडे धावले. डॉक्टर नुकताच गाडीनं निघून गेला होता, आणि त्याच्या हुकमाशिवाय प्लेगच्या छावणीतून कुणाला सोडत नव्हते. हिवताप घेऊन आत गेलेल्या चिमाला तिथं प्लेगनं गाठलं.

तेरावं झाल्यावर येसाजी ओटीवर आपल्या जागी येऊन बसला. पाळी आली तसा उठला आणि इंग्रजीत म्हणाला, ‘माझी बायको मेली.’ कुणी हसलं नाही. सवयीनं मास्तरांचं मन त्यातही चूक शोधायला गेलं, आणि त्यांना स्वतःची किळस आली.

“येसाजी, मराठीत बोल रे बाबा,” ते कळवळून म्हणाले. “तो नेम आता नाही.”

“मराठीत म्हणवत नाय, मास्तर,” येसाजी म्हणाला आणि खाली बसला.