चार तासांचा अंधार

क्लास्ते मास्तरांना हवा होता चार तासांचा अंधार, आणि तो द्यायचा की नाही हे शेजारच्या डिनाबाईंच्या हाती होतं. ऑगस्टात, म्हणजे इकडे दक्षिण गोलार्धात ऐन हिवाळ्यात, आमच्या सदरलंडच्या माळावर मेंढ्या वितात, आणि कोल्हा जवळ येऊ नये म्हणून मेंढ्यांच्या वाड्यात रात्रभर कंदील टांगतात; त्या उजेडात आकाशाचे फोटो बिघडतात.

निवृत्त झाल्यापासून मास्तर तीन हिवाळे एकाच तेजोमेघाचे फोटो जमवत होते. फोटोंत सात तासांचा उजेड साठला होता. धुळीची फिकट कड उमटायला आणखी चार तास हवे होते. शाळेची दुर्बीण सोमवारी परत करायची, आणि उद्यापासून ढग.

"तिथे नवे तारे जन्मलेत," मास्तर कुंपणापलीकडून म्हणाले. "भोवतीची धूळ त्यांच्या उजेडानं निळी दिसते."

"दुसऱ्याच्या उजेडात मिरवणारी धूळ? असे लोक गावात ढिगानं आहेत, मास्तर. त्यांचे फोटो काढा, दिवसाही निघतात."

"डिनाबाई, तो कंदील…"

"विझवते. पण कंदिलाच्या जागी तुम्ही बसायचं. खोकत राहायचं, ते तुम्हाला जमतं."

"आणि दुर्बिणीजवळ कोण?"

"ती काय विणार आहे?"

मास्तर दुर्बीण लावून वाड्यात जाऊन बसले. मध्यरात्री दव गोठायला लागलं. दुर्बिणीच्या काचेवर बर्फ धरला की संपलं. गेल्या हिवाळ्यात तसंच झालं होतं आणि त्याचं रडगाणं त्यांनी महिनाभर सगळ्यांना ऐकवलं होतं. ते उठले, तेवढ्यात कोल्हा अगदी जवळ ओरडला. पायाशी नुकतं जन्मलेलं कोकरू ओलं, थरथरत होतं. मास्तरांनी ते कोटात घेतलं आणि परत खाली बसले. खोकले.

पहाटे ते दुर्बिणीकडे गेले ते पाय ओढतच. कुंपण पांढरं, खुर्ची पांढरी, काच मात्र लख्ख. नळीला गरम पाण्याची पिशवी बांधलेली, लोकरीच्या एका लांब मोज्यानं. अजून कोमट होती. बर्फावर डिनाबाईंच्या स्वयंपाकघरापर्यंत जाणाऱ्या-येणाऱ्या पावलांची चांगली वाट पडलेली.

कोल्हा उपाशी राहिला. कोकरं सगळी जगली. मास्तरांचे अकरा तास भरले. त्याची किंमत मोजली ती डिनाबाईंच्या सोललेल्या उजव्या नडगीनं: फोटो बिघडू नये म्हणून त्या दिवा न घेता चार वेळा ते तारेचं कुंपण ओलांडून गेल्या होत्या.