पाण्याच्या वाटेवरची चार नावं

उदारामबाबांचा फोन नवेगावच्या तलावात पडला आणि त्यांचं जग एकदम बारीक अक्षरांचं झालं.

आमच्या पाणीवाटपाची वेबसाइट मी केली आहे. पाणकर इंद्रकुमार ज्या बांधीत, म्हणजे धानाच्या ज्या तुकड्यात, पाणी सोडतो, तिचं नाव तिथे टाकतो. लॉगिन मी ठेवलंच नाही. तीन माणसांत एक फोन, नंबर सारखे बदलणार, पासवर्ड लक्षात कोण ठेवणार? त्याऐवजी ज्याने त्याने चार शब्द ठरवायचे. कुठल्याही फोनवर ते टाकले की आपली अक्षरं, आपला आवाज, आपल्या सूचना परत हजर. कुठलेही शब्द चालतील, असं मी घसा फोडून सांगितलं. तरी सगळ्यांनी बांध्यांचीच नावं दिली, पाणी जातं त्याच क्रमाने; हे नंतर त्यांनीच मला सांगितलं.

बाबा नवा फोन घेऊन आले. नजर इतकी अधू की स्वतः टाइप करणं आता शक्य नव्हतं.

"मोहाची, आवळ्याची, खोलगट."

"आणि चौथं?"

"आठोत नाई."

"मग सगळं नव्याने लावून देते ना."

"नोको. माहं त्यात काई ठेवलं हाय."

ते शब्द मलाही दिसत नाहीत. तसंच बांधलंय मी, आणि त्या दुपारी स्वतःच्या हुशारीचा मला भयंकर राग आला.

"डोळे मिटा बाबा. पाण्यासंगं चाला."

त्यांनी मिटले. तलावावर ऊन पसरलं होतं, लोंब्या फुटून धान निसवल्याचा गोड वास येत होता. बाबांच्या पायांची बोटं हलू लागली. "निंगालं पानी," ते पुटपुटले, "मोहाची भरून राहिली..." आणि खरं सांगते, मलाही ते पाणी दिसू लागलं. सावकाश, धुऱ्याला, म्हणजे बांधाला, अंग घासत पुढे सरकणारं. मग बाबा थांबले. पाणीही थांबलं.

बाजूला बाबांच्या पत्नी सुशिलाबाई शिंगाडे सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मोहाचीतून आवळ्याचीत पानी उडी मारून जाते का? मधातली सांगा ना."

मधली बांधी वाटणीत धाकट्या भावाकडे, शालीकरामकाकांकडे गेली. बारा वर्षं दोघांत बोलणं नाही. बाबा त्या बांधीचं नावही तोंडातून काढत नसत, हे गावाला ठाऊक.

बाबांच्या पायांची बोटं पुन्हा हलली. मग डोळे मिटूनच ते म्हणाले, "चांदणी."

मी टाकलं. पडद्यावर अंगठ्याएवढी अक्षरं उमलली आणि मी काही दाबायच्या आत फोनमधून ओळखीचा संथ आवाज बोलू लागला, "तुमची निवड. सूचना एकच. चांदणीत पाणी पोहोचलं की कळवा."

सुशिलाबाईंचा विळा थांबला. "आपल्या बांध्यांची नाई ठेवली?"

"आपलं पानी पायाले लागते," बाबा म्हणाले. "त्याचं कोनाले पुसू?"