भोंग्याच्या भरवशावर

पिंपरी पेंढारच्या शिवारात बिबट्याचे ठसे दिसले की लोक फटाके लावायचे. गोरखच्या गोठ्याजवळ ते उमटले, तेव्हा त्याला फटाक्यांचा भरवसा वाटेना. तो आळेफाट्याच्या एका बँडमध्ये सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, वाजवायचा. बायकोला, वृषालीला म्हणाला, "बिबट्याला हुसकवणारा आवाज मीच तयार करतो."

आधी त्यानं गोठ्यावर भोंगा बांधून त्यावर कुत्र्यांचं भुंकणं लावून पाहिलं. बिबट्या त्याला लवकरच सरावला. मग गोरख सिंथवर बसला. लग्नात वाजवताना सूर हळूहळू उमलेल आणि हळूच विरेल असा एन्व्हलप, म्हणजे सुराचा चढउतार, तो ठेवायचा. इथं सूर एकदम फुटेल आणि तुटेल असा ठेवला. वर मॉड्युलेशन चढवलं. मधेच पट्टी घसरायची, मधेच गुरगुर थरथरायची, आणि ती थरथर दर वेळी निराळी. भोंग्यातून तो आवाज पहिल्यांदा निघाला, तेव्हा वृषालीच्या हातातली किटली हिंदकळून दूध सांडलं.

"अवो, माणसाच्या काळजाचं पाणी व्हतंय ह्यानं!"

"मग बिबट्याचं काय व्हईल?" गोरख हसला.

ठसे खरंच थांबले. दिवेलागणीला भोंगा सुरू व्हायचा आणि वृषाली निवांत धारा काढायची. ओढ्यापलीकडचा संपत एकदा म्हणाला, "आमच्या बांधावर पण एक लाव की राव."

"लग्नसराई सरू दे, लावतो."

लग्नसराई सरली नव्हती. संपतची आई, चिमाबाई, एका संध्याकाळी उसाच्या कडेला शेळ्यांसाठी गवत कापत होती. ती वाकलेली असतानाच बिबट्यानं तिला धरलं. लोक ओरडत धावले, पण जीव गेला होता.

माती झाल्यावर गोरख संपतच्या ओट्यावर जाऊन बसला. "मीच त्याला तुमच्याकडं ढकललं आसंल, संपत."

संपतनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला.

"त्यो कुठनं आला, कोण सांगणार? पण तुझं वाजायला लागलं की आई म्हणायची, गोरखचं वाजतंय, आता भ्या न्हाई. त्या दिवशीबी मी हाक मारली. म्हणली, वाजतंय की अजून, एवढं गवत घेते आन् येते."

गोरख तांब्या तसाच ठेवून उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं भोंगा उतरवला.

"अवो, मग त्यो आपल्याकडं आला तर?" वृषालीनं विचारलं.

"संपतकडं बांधून येतो. दुसरा भोंगा मिळंपर्यंत मी उभा ऱ्हाईन तुझ्यापाशी."

संपत नको म्हणाला नाही. नुसतं बांधावरच्या शेवग्याच्या झाडाकडं बोट केलं. गोरखनं भोंगा तिथं बांधला. अंधारून येताना आवाज फुटला, तशा शेळ्या दाव्यांना हिसके द्यायला लागल्या. संपत उठला, आत गेला आणि दार लावून घेतलं.

गोरख ओढ्यातून परत निघाला. दोन्ही बाजूंना ऊस होता. मागून तो आवाज येत राहिला आणि आपणच घडवलेला असूनही गोरख दर वेळी दचकला. घरी वृषाली गोठ्याच्या दारात काठी घेऊन उभी होती. गाई हंबरत होत्या. धारा काढायच्या तशाच राहिल्या होत्या.