काचेच्या अलीकडे

भिंगरी साडेतीन वर्षांची झाली, तरी तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आईचं देवापुढे रोज एकच मागणं असे. शेवटी तिला विद्यापीठाच्या बालशाळेत घातलं, तर तिथल्या ताई म्हणाल्या, "घरी बोलत नाही? इथे तर छान बोलते." आईला ते खरं वाटेना. समजूत काढायला म्हणून इतकी मोठी थाप मारायची?

"तिथे शिकवतात तरी काय गं?" नणंद म्हणाली. "पोरं ठोकळे रचतात आणि ताया बसून बघतात. एवढं तर आपली मांजरही करते."

म्हणून आज आई नाव काढायलाच आली होती. ताईंनी वाद घातला नाही. "काढा हवं तर. आधी जरा काचेच्या खोलीत बसा," एवढंच म्हणाल्या.

ती वर्गाला लागून असलेली अंधारी, चिंचोळी खोली. मधल्या मोठ्या काचेतून इकडून वर्ग दिसे. तिकडून मुलांना मात्र नुसता आरसा. शिकाऊ मुली तिथे बसून टिपणं काढत. त्यांतल्या एकीने आईला स्टूल दिलं आणि भिंतीवरच्या स्पीकरचा आवाज वाढवला.

आत भिंगरी कापडी बाहुली मांडीवर घेऊन बसली होती. एक मुलगा बाहुलीपुढे रिकामा कप धरून विचारत होता, "दूध घेणार?" ताई शेजारीच होत्या, पण गप्प.

"ती नाही बोलणार," भिंगरी म्हणाली.

आईने स्टुलाची कड घट्ट धरली. किंचित घोगरा, ठसठशीत आवाज. हा आवाज तिने कधीच ऐकला नव्हता.

"का?" मुलाने विचारलं.

"तिला बोलता येत नाही. तिला काय हवं ते मला बरोबर कळतं. दूध नकोय तिला, पाणी हवंय. आणि तिच्यासमोर असं विचारायचं नाही. बिचारीला वाईट वाटतं."

शब्द न् शब्द आईचा होता. दवाखान्यात, दुकानात, जिन्यात शेजारणींपुढे बोललेला. 'बिचारी' म्हणताना मान कलती करायची लकबसुद्धा तीच.

"किती गोड बोलते ना?" शिकाऊ मुलगी म्हणाली. "तुमची कोण?"

आता आईच्याच तोंडून शब्द फुटेना. मग तिने कसंबसं विचारलं, "ताई... काय करतात हिला?"

"काहीच नाही. थांबतात. मुलाने नुसतं बोट दाखवलं की लगेच धावायचं नाही, त्याचं वाक्य आपण बोलायचं नाही, एवढंच. आम्हाला सुरुवातीला जीभ चावून बसावं लागतं."

शाळा सुटली. बाहेर येताच भिंगरीचे ओठ मिटले. तिने आईच्या पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीकडे बोट केलं. आईचा हात सवयीने निघाला आणि मध्येच थांबला.

भिंगरीने पुन्हा बोट केलं. मग आईची बाही ओढली. आई जागची हलली नाही, तशी पोर डोळे विस्फारून तिच्याकडे बघत राहिली. मग दारातल्या ताईंकडे वळली.

"ताई, आज आईला कळतच नाहीये. तिला सांग ना, मला पाणी हवंय."

ताईंनी नुसतंच हसून आईकडे पाहिलं.

भिंगरीने एकदा ताईंकडे पाहिलं, एकदा आईकडे. आई गुडघ्यांवर बसली. तिने पिशवीतून बाटली काढली, पण पुढे केली नाही.

"आई," भिंगरी म्हणाली, आणि अडली.

आईने जीभ चावून धरली.