पहिली ओंजळ कुणाची

भांडखोर म्हणून गावात माझं नाव झालंय, ते काही खोटं न्हाई. पण विहिणीसोबत एका खोलीत दीड महिना काढायचा, आणि तोबी परमुलखात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, हे एखाद्या साधूला सांगितलं असतं तर त्यानंबी हात जोडले असते. मी काढून आले. म्हणून आता कुणी मला भांडखोर म्हणलं की मी सांगते, बाई, आधी तू तुझ्या विहिणीला घेऊन विमानात बसून दाखव, मंग बोल.

गोष्ट अशी की आमचा एकुलता एक रामेश्वर नेदरलँड देशात नोकरीला हाये. सून अंजू आष्टीची. त्यांना एकच लेकरू, रेणू. ती तिकडंच जन्मली. पिंपळगावच्या रेणुकाईच्या नावावरून मीच नाव ठेवलं, फोनवरून. पण या पोरीचं बोरनहाण काही होईना. कधी रोगराई, कधी रजा न्हाई, कधी तिकिटाचा खर्चा. आता बोरनहाण म्हणजे लेकराला पाच वर्षांच्या आतच घालायचं असतं. संक्रांत झाली की काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे, चुरमुरे, रेवड्या ओतायच्या. गल्लीतली पोरं झडप घालून लुटतात, लेकराची पीडा टळते. रेणूला फेब्रुवारीत पाच पुरी होणार होती. म्हणजे हीच संक्रांत, न्हाईतर कधीच न्हाई.

दिवाळीला रामेश्वरचा फोन आला. म्हणला, "माय, यंदा संक्रांतीला येतोच. पण त्याच्या आधी तू आणि मामी इकडं या. नोव्हेंबर सरता सरता या, जानेवारीत सगळे संगं घरी जाऊ." मामी म्हणजे त्याची सासू, उषाबाई. मालकालाबी बोलावलं होतं, पण आमच्या राधाकिसनरावांना ऊस आणि म्हैस सोडवत न्हाई. मंग काय, निघाल्या दोघी विहिणी.

उषाबाईचं आणि माझं पोरांच्या लग्नापासून फाटलेलं. लग्नात विहिणीच्या पंगतीत माझ्या ताटात जिलेबी आलीच न्हाई, हे मी अजून विसरले न्हाई आणि ती मला विसरू देईन असंबी वाटत न्हाई. बाई स्वभावानं हळू. दोन वर्षांखाली भुजंगराव, तिचे मालक, गेले, तवापासून तर आणखीच हळू झालेली. पण दिसायला गरीब गाय, पोटात पाय. मुंबईच्या विमानतळावर बाकड्यावर बसलो होतो तवा पदराला गाठ मारता मारता म्हणली, "जयवंताबाई, रेणूचं बोरनहाण आष्टीला करावं म्हणते."

मी म्हणलं, "कामून? बापाचं अंगण काय आटलंय का?"

"तसं न्हाई ओ."

"तसं न्हाई तर मंग कसं? घनसावंगीला आमचं घर, आमचा ऊस, आमच्या बांधाच्या बोरी. बोरनहाण आमच्याकडंच."

ती गप बसली. पण गप बसणारी माणसं ऐकत नसतात, हे मला पक्कं माहीत हाये.

तिकडं गेल्यावर पहिले आठ दिवस नुसती गंमत. सकाळचे आठ वाजले तरी उजेड न्हाई, आणि चहा पिऊन जरा टेकलं की परत अंधार. मी रामेश्वरला म्हणलं, लेका, हा दिवस हाये का डुलकी? पण मला मजा येऊन राह्यली होती, खोटं कशाला बोलू. रेणू शाळेतून आली की दोन्ही हात धरून ओढायची, एक माझा, एक उषाबाईचा, आणि आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंनी घसरत घसरत कालव्यापर्यंत जायचो. एकमेकींशी न बोलता.

एके दिवशी रामेश्वरला ज्वारीची भाकर खावी वाटली. मी ओट्याच्या एका टोकाला थापायला लागले, तर उषाबाईनं दुसऱ्या टोकाला परात घेतली. माझ्या लेकाला माझ्या हातची पाहिजे, तिला वाटे जावयाला तिच्या हातची. दोघी ईर्ष्येनं थापू लागलो. थोड्या वेळानं खालच्या मजल्यावरची गोरी बाई वर आली आणि अंजूला विचारू लागली, की वर सुतारकाम चाललंय का. अंजू हसून हसून खाली बसली. त्या बाईला दोन भाकरी आणि ठेचा दिला. ठेच्यानं तिचं तोंड लाल झालं, तरी दुसऱ्या दिवशी भांडं घेऊन परत आली.

मंग एक दिवस रामेश्वर आम्हाला रेणूच्या शाळेजवळच्या मोठ्या हॉलात घेऊन गेला. त्यांचा एक बुवा असतो म्हणे, पांढरी दाढी, लाल झूल, डोक्यावर उंच टोपी. डिसेंबर लागला की लेकरांना खाऊ घेऊन येतो. हॉलात दीडदोनशे लेकरं, नुसता कल्ला. बुवाच्या मागं मखमलीचे कपडे घातलेली पोरंपोरी, खांद्यावर पोतं. आणि एकाएकी त्यांनी पोत्यात हात घातला आणि बोराएवढी बारकी बारकी बिस्किटं मुठी भरून लेकरांच्या अंगावर उधळली. लेकरं तुटून पडली खाली. कुणी टोपीत भरतंय, कुणी झग्यात, कुणी सरळ तोंडात.

मी उषाबाईचा हात घट्ट धरला. लग्नानंतर पहिल्यांदा. "विहीणबाई, अहो हे तर बोरनहाण."

"तेच की," ती म्हणली. तिचे डोळे लेकरावाणी मोठे झाले होते.

तेवढ्यात मखमलीतली एक पोरगी आमच्यापाशी आली. हसली, पोतं पुढं केलं आणि खुणेनं उषाबाईला सांगितलं, घ्या, तुम्ही टाका. उषाबाई एक पाऊल मागं सरकली. तिनं मागं पाहिलं, कुणी बघतंय का. मंग माझ्याकडं पाहिलं. विचारल्यावाणी पाहिलं. मला काही कळलं न्हाई, मी म्हणलं, "अहो घ्या की, पोरगी ताटकळलीय."

तिनं मूठ भरली आणि रेणूच्या डोक्यावर सोडली. रेणू खिदळली. परत मूठ, परत मूठ. ती पोरगीबी पोतं धरून उभी राहिली, हसत. मूठ भरू भरू बाईचा पदर खांद्यावरून घसरला तरी तिला भान न्हाई.

ट्राममध्ये बसलो तर ही खिडकीकडं तोंड करून रडून राह्यली. मी विचारलं, काय झालं. आधी काही न्हाई म्हणली. मंग म्हणली, "हे गेल्यापासून कुणी माझ्या हातात ओंजळ दिली न्हाई ओ. ना ओटी, ना हळदी-कुंकू. लेकराच्या कामात तर मी मागंच. त्या पोरीला काय ठाव, माझं कपाळ कसलं हाये."

मी तिचा घसरलेला पदर खांद्यावर नीट केला.

"तुमच्या अंगणात सवाशिणी राहतील. मला कोण पुढं येऊ देईन? आष्टीला माझं घर हाये. तिथं मला उठ म्हणायला कुणी न्हाई. म्हणून म्हणत होते."

मला आतून लई वाईट वाटलं. एवढे दिवस मी समजत होते की ही मानासाठी अडून बसलीय. मी म्हणलं, "बोरनहाण घनसावंगीलाच होईन. आणि पहिली ओंजळ तुमची."

"लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मी बघते."

बोलून गेले खरी. पण लोक म्हणजे कोण? लोक म्हणजे आमच्या आक्का. माझी थोरली नणंद, सगुणाबाई. विसाव्या वर्षी नवरा साप चावून गेला आणि ती माहेरी परत आली, ती आजवर आमच्याच घरात. रामेश्वरला तिनंच वाढवलं, मी दिवसभर शेतात असायची. घरातलं सगळं शास्त्र तिच्या तोंडपाठ. काही सणवार असला की ती सगळं काढून देणार, बराबर सांगणार, आणि मंग स्वतः चुलीपाशी जाऊन बसणार. मी कुणाच्या बापाला भीत न्हाई, पण आक्कापुढं माझा आवाज बसतो.

जानेवारीत सगळे निघालो. संभाजीनगरच्या विमानतळावर मालक अख्खी जीप भरून माणसं घेऊन आले होते, आणि वर हलगीवालाबी. पोलीस म्हणला, इथं वाजवू नका. मालक म्हणले, बरं, आणि फाटकाबाहेर येताच हलगी सुरू. अंबडपर्यंत वाजत होती. रेणू मांडीवर उड्या मारून राह्यली होती. गावात शिरलो तर पोरं जीपमागं पळत आली. साळूबाई शेजारीण दारात भाकरतुकडा घेऊन उभी. तिनं आम्हा सगळ्यांवरून ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. रेणू उंबरा ओलांडायच्या आधीच सटकली आणि गोठ्यात शेळीच्या करडाच्या गळ्यात पडली. मालकाच्या डोळ्यात पाणी आलं, पण म्हणले, धूळ गेली.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी अंगण सारवलं. पोरांनी बांधाबांधाच्या बोरी झोडपून टोपलं भरून बोरं आणली होती. हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे, रेवड्या, आणि रेणूनं हट्टानं बॅगेतून आणलेली ती बारकी बिस्किटं, सगळं एका सुपात कालवलं. रेणू काळ्या परकरात, गळ्यात हलव्याचा हार, त्यातले दोन दाणे खाऊनबी झालेले. बाया जमल्या. पोरं पाटाभोवती दबा धरून बसली. रामेश्वर फोन घेऊन शूटिंग करायला उभा.

उषाबाई कुठं दिसंना. आत जाऊन पाहते तर चुलीपाशी बसून ऊस सोलून राह्यली, आणि शेजारी आक्का.

मी म्हणलं, "विहीणबाई, चला."

ती मान हलवू लागली. "नको ओ. लेकराला काही झालं तर?"

आक्का म्हणल्या, "बराबर बोलून राह्यल्या त्या. जयवंता, शास्त्र मोडू नको. सवाशीण आधी."

"आक्का, सख्ख्या आजीचा हात लेकराला बाधतो, हे कोणत्या शास्त्रात सांगितलंय?"

"मंग मी चाळीस वर्षं पाळलं ते काय उगंच?"

आक्काच्या तोंडाकडं मला पाहवंना. बाहेर पोरं ओरडून राह्यली होती, जल्दी करा म्हणून. मी उषाबाईला दंडाला धरून उठवलं, अंगणात आणलं आणि सूप तिच्या हातात दिलं. बायांत कुजबूज झाली. साळूबाईनं तोंडाला पदर लावला. मी मोठ्यानं म्हणलं, "रेणूच्या आईची आई हाये. पहिली ओंजळ तिची. ज्याला पटत न्हाई त्यानं तिळगूळ घेऊन घरी जावं."

तिळगूळ घेऊन कुणीच गेलं न्हाई.

उषाबाईनं ओंजळ भरली, रेणूच्या डोक्यावर सोडली, आणि पोरांचा लोंढा आला. बोरं, घाटे, रेवड्या, सगळं अंगणभर. रेणूनं एक घडी पाहिलं आणि पाटावरून उडी मारून स्वतःच लुटायला घुसली. "अगं तुझंच बोरनहाण हाये," अंजू ओरडली. ऐकतंय कोण. दुसरी ओंजळ मी टाकली, तिसरी साळूबाईनं. उषाबाई हसून राह्यली होती आणि रडूनबी. मी म्हणलं, आता एकच काहीतरी करा.

तेवढ्यात गलका एकदम कमी झाला. आक्का चुलीपासून उठून दारात आल्या होत्या. उंबऱ्यापाशी थांबल्या. मंग अंगणात आल्या, बायांमधून सरळ सुपापाशी. मी पुढं झाले, आता सूप उलटं करतात का काय. त्यांनी वाकून ओंजळ भरली. मला वाटलं, रेणूवर टाकतील. त्या रेणूला मागं सोडून रामेश्वरपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"बस खाली," म्हणल्या.

"आत्या, मी?"

"बस म्हणते ना."

छत्तिशीचा गडी फोन खिशात घालून त्या एवढ्याशा पाटावर बसला, गुडघे हनुवटीला लावून. कुणी हसलं न्हाई.

"तुझं बोरनहाण झालं तवा मी आत बसले होते," आक्का म्हणल्या. "नुसता पोरांचा आवाज ऐकला."

आणि त्यांनी ओंजळ त्याच्या डोक्यावर सोडली. बोरं त्याच्या केसांतून खाली घरंगळली. त्यानं तोंड आक्काच्या लुगड्यात खुपसलं. पोरांना काय करावं कळंना, ती आमच्याकडं बघून राह्यली.

"बघता काय," आक्का म्हणल्या, "लुटा की." आणि परत सुपात हात घातला.