साळवेबाईंचे सात डबे

दिवाळीला शेजारून फराळाचा डबा आला तर तो रिकामा परत करायचा नाही, हे प्रमिला साळवेबाईंना त्यांच्या आईनं नगरच्या ख्रिस्ती आळीत लहानपणीच शिकवलं होतं. एक्क्याण्णव साली त्या सिल्वासाला सरकारी शाळेत विज्ञान शिकवायला आल्या आणि टोकरखाड्याच्या एका चाळीत एकट्याच राहू लागल्या. आठ खोल्यांची चाळ. दिवाळीला सात घरांतून सात डबे आले. बाईंनी सगळा फराळ पुरवून पुरवून खाल्ला आणि डबे घासून फळीवर मांडले. नाताळला आपल्या हातच्या करंज्या-शंकरपाळ्या भरून सगळे एकदम परत करायचे, असा बेत.

चिमूटभर साखर घालून लगेच देता आले असते, नाही असं नाही. पण सांजोऱ्या-चकल्यांच्या बदल्यात साखर? छे. आधीच चाळीत नव्या, त्यातून ख्रिस्ती, त्यातून एकट्या. आपल्या घरातूनही चार घरी काही जातं, हे त्यांना एकदा दाखवायचं होतं. जीव अडकला होता तो त्या सात डब्यांत.

इकडे डब्यांवाचून चाळीचे हाल. पलीकडच्या खोलीतल्या तानूबाईची डाळ पिशवीत होती, ती उंदरांनी फोडली. पण मागणार कोण? "डब्याचं काही नाही हं बाई, सहज आले होते," म्हणत ती फळीकडे एक नजर टाकून जायची.

आणि नाताळला तीन-साडेतीन आठवडे उरले असताना कांजिण्यांची साथ आली. पहिल्यांदा शेजारच्या पुतळाबाईच्या रोशनीला फोड उठले, मग तानूबाईच्या नातवाला. मग एकेक खोली धरत साथ चाळभर फिरली. विजेची बिलं वाटणारासुद्धा इतक्या नेमानं फिरत नाही. दारोदार कडुनिंब लटकला. पुतळाबाई धुळ्याकडची, चाळीत तिचा शब्द शेवटचा. तिनं सांगून टाकलं, "देवीमाय घरात आली शे. ती जाईस्तोवर कोणी तेल तापवायचं नाही. फोडणी नाही, तळण नाही."

तिचा नवरा चिंधा खडोलीला प्लास्टिकच्या कारखान्यात होता. तीन आठवडे डब्यात बिनफोडणीची डाळ नेऊन त्याची पार रया गेली होती.

"पुतळाबाई, अहो हा विषाणू असतो," बाईंनी एकदा धीर करून सांगितलं. "त्याला फोडणीचं काय कळतंय?"

"त्याला नसंल कळत. मायला कळतं."

झालं. मधल्या भिंती एका विटेच्या, छप्पर सगळ्यांचं एकच. एका खोलीत जिरं तडतडलं की आठही खोल्यांत शिंका. उद्या एखाद्या पोराचा ताप वाढला, तर तो साळवेबाईंच्या करंजीमुळं नाही हे कुणाला पटवणार? बाईंनी कढई खाली काढलीच नाही. मैदा, खोबरं, साखर, तूप आणून ठेवलं आणि पोरांच्या खपल्या कधी पडतात याची वाट बघू लागल्या. प्रश्नपत्रिकेची सुद्धा त्यांनी एवढी काळजी केली नव्हती.

तेवीस तारखेला शेवटच्या पोराची कडुनिंबाच्या पाण्यानं अंघोळ झाली. पुतळाबाईनं दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि परवानगी दिली. बाईंनी दारात कागदी चांदणी टांगली, पदर खोचला, कढई काढली. तेवढ्यात रोशनी दारात येऊन उभी राहिली.

"बाई, तुमच्या कपाळाला काय झालं?"

आरशात तीन फोड होते.

संध्याकाळपर्यंत बाई तापानं फणफणल्या. पुतळाबाई आली, चांदणीशेजारी कडुनिंब बांधला, अंगावर गोधडी घातली. बाईंना रडू आवरेना. एवढ्या विज्ञानाच्या शिक्षिका, पण डब्यांकडे बोट दाखवून लहान मुलीसारख्या रडल्या. पुतळाबाईनं सातही डबे मोजून घेतले, मैदा घेतला, तूप घेतलं, कढईसुद्धा उचलली आणि दार ओढून निघून गेली.

संपलं, बाईंना वाटलं. शेवटी रिकामेच नेले. आजवर आपल्याला इतकं कानकोंडं कधी झालं नव्हतं, हे त्यांना भिंतीकडे तोंड करून कबूल करावं लागलं.

चोवीस तारखेला दिवसभर चाळीत चिटपाखरू नव्हतं. तळणाचा वास नाही, भांड्याचा आवाज नाही.

पंचवीसच्या सकाळी अख्खी चाळ बाईंच्या दारात. डबे काठोकाठ भरलेले. करंज्या तळहाताएवढ्या, काही पोट फुटलेल्या. शंकरपाळ्यांत तानूबाईनं सवयीनं तिखट टाकलं होतं.

"इथं तेल तापवायला बंदी," पुतळाबाई म्हणाली. "म्हणून खेरडीला गेलो, आपल्याकडे भाजी विकायला येते त्या दुर्गाच्या शेतावर. माय काय तिथवर येत नाही. या बाबानं निम्म्या तर कढईतूनच खाल्ल्या."

"तीन आठवड्यांनी तेल बघितलं, बाई," चिंधा म्हणाला.

बाईंनी करंजीला हात घातला. पुतळाबाईनं डबा मागे ओढला.

"तुमच्या अंगात माय आहे. तुम्ही नुसतं बघायचं."

मग पुतळाबाईनं पुढ्यात ठेवलेल्या दहीभातासमोर बाईंनी डोळे मिटून प्रार्थना केली. ती संपेपर्यंत चाळ डोकी झाकून उभी होती, आणि आमेन सगळ्यांनी म्हटलं, चिंधानं दोनदा.

"पण हे मी तुम्हाला द्यायचं होतं," बाई म्हणाल्या. "डबे घेऊन जा ना आता."

"भरलेले कसे न्यायचे? आधी बऱ्या व्हा, मग खा, मग द्या. आम्हाला काय घाई?" पुतळाबाई म्हणाली. तानूबाईनं फळीकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला.

बाईंनी सहज डबे मोजले. आठ भरले.

"हा कुणाचा?"

"दुर्गाचा. तिच्या चुलीवर तळलं ना," पुतळाबाई म्हणाली. "तिला सांगून आलेय, आमच्या बाई डबा कधी रिकामा देत नाहीत."