आईला कामावरून काढताना

माणसं कामावर ठेवायची आणि काढायची, याचीसुद्धा पढाई असते म्हणे! आमच्या ऋताने तीच निवडली. इथे उत्तरेत, रामघाटावर आमच्या मराठी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या वेद शिकवले, आणि ही कार्टी विद्यापीठात शिकते काय, तर नोकरीवरून कसं काढावं.

त्यातही गेल्या वर्षी प्रात्यक्षिकात नापास. कामगाराला कामावरून कमी केल्याचं तोंडावर सांगायचं होतं, तर हीच ढसाढसा रडली. यंदाही रडली असती तर पदवी हातची गेली असती. म्हणून मी सोबत गेले, बाहेर बाकावर बसून राहिले.

नेमका कामगाराची भूमिका करायला बोलावलेला माणूसच आला नाही. नागपूरहून आलेल्या परीक्षक निवेदिताबाई दारात येऊन मला म्हणाल्या, "त्याच्या जागी तुम्ही बसता का? मराठीतच होऊ दे."

"अहो, मुलगी आहे माझी ती!"

"मग तर फारच छान. आईला काढून दाखवू दे."

कर्म माझं! ऋताचा चेहरा पांढराफटक पडला. मी जाऊन खुर्चीत बसले. तिने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "शरदिनीताई, तुम्ही नीट बसा. बातमी वाईट आहे."

तुम्ही! जन्मात 'अगं आई'शिवाय न बोललेली पोर.

"मला काढताय?" मी मुद्दाम खेकसले. "काय चुकलं माझं?"

"काहीच नाही. तुमचं काम चोख होतं. विभागच बंद होतोय. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून मी आलेय."

तिचे डोळे भरले होते, पण माझ्यावरून हलवले नाहीत. मी काय बोलेन ते सगळं ऐकून घ्यायला बसली होती.

मी शिकवत होते त्या शाळेने मला काढलं, तेव्हा शिपायाकरवी नुसता निरोप आला होता. का, ते कुणी सांगितलं नाही. कितीतरी वर्षं मी माझ्यातच खोट शोधत राहिले, आणि घरी सांगितलं, नोकरी मीच सोडली. ऋताला यातलं काही ठाऊक नाही. तरी जे ऐकायला माझे कान आसुसले होते, ते तीच बोलली. देवाकडे बघावं तशी मी तिच्याकडे बघत राहिले. या खेपेला रडले ती मी.

"पास," निवेदिताबाई हळूच म्हणाल्या.

बाहेर ई-रिक्शात चढताना तिने विचारलं, "आई, चिडलीस का गं?"

"नाही हो," माझ्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही बसा आधी."